चुन्याची रेघ

लहान मुलं मला फारशी आवडत नाहीत, हे मी आता म्हातारपणी मोकळेपणानं सांगते. तेव्हा सांगायची सोय नव्हती, कारण तेव्हा मी बालवाडीची बाई होते. बालवाडीच्या बाईला मुलं आवडतच असणार, असा सगळ्यांचा समज असतो. हलवायालाही जिलबी आवडत असेल असंच लोकांना वाटतं. एकदा हलवायाला विचारून बघावं.

गोष्ट साठ-एकसष्टच्या सुमाराची. आमचं गाव बोरी अरबपासून कोसभर आत. गावाच्या एका अंगाला आमचा मोहल्ला, दुसऱ्या अंगाला माळावर बंजाऱ्यांचा तांडा, आणि मध्ये पाटील-कुणब्यांचं गाव. माझ्या बाबांनी नागपूरला जाऊन बुद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला चार-पाच वर्षं झाली होती. घरातले देव गेले, मेलेलं ढोर ओढायचं काम मोहल्ल्यानं सोडलं आणि बाबांनी मला हट्टानं सातवीपर्यंत शाळेत ठेवलं. बाकी गावची विहीर होती तिथंच होती, आणि तिच्यावर आम्ही अजून चढलो नव्हतो. कायदा झाला होता म्हणतात. झाला असेल, यवतमाळपर्यंत पोचलाही असेल.

ब्लॉककडून, म्हणजे सरकारच्या विकास कचेरीकडून, गावाला बालवाडी मिळाली तेव्हा सातवी पास झालेली, तीन महिन्यांचं ट्रेनिंग घेऊन आलेली गावात मी एकटीच होते. म्हणून ती माझ्याकडे आली. गावाला हे रुचलं नाही. पण नको म्हटलं असतं तर बालवाडी शेजारच्या गावी गेली असती, आणि शेजारच्या गावाला काही मिळावं हे आमच्या गावाला त्याहून रुचलं नसतं.

जागा मिळाली ती कोंडवाड्याला लागून असलेली खोली. भिंतीपलीकडे दुसऱ्याच्या पिकात शिरलेली ढोरं कोंडलेली, भिंतीअलीकडे पोरं. आवाज दोन्हीकडून सारखाच यायचा. ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं की चिंचोके मोजायला लावा, मातीचे बैल करायला लावा, टाळ्या वाजवून गाणी म्हणा. हे सगळं मी केलं. पण दिवसभराचं खरं काम म्हणजे नाकं पुसणं, चड्ड्या बांधणं आणि कोणी कोणाला चावलं याचा निवाडा करणं. दुपारी घरी आले की माझ्या कानात तासभर किलबिल चालू असायची, आणि मायनं नुसतं ‘जेवतं का?’ विचारलं तरी मी खेकसायची.

पहिल्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यातलीच सात मुलं आली. त्यात माझी भाची, माझ्या भावाची मुलगी, तीन वर्षांची. वहिनी पहाटे मजुरीला जायची, म्हणून भाचीला कडेवर घेऊन मीच बालवाडीत न्यायची. घरी ती मला आत्या म्हणे आणि बालवाडीचा उंबरा ओलांडला की ‘बाई’. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्यांची मुलं बाई म्हणतात, तर आपणही म्हणावं, एवढा हिशेब तिनं स्वतःच केला होता.

पट वीसच्या खाली राहिला तर बालवाडी बंद, असा ब्लॉकचा नियम होता. सात मुलांवर ती दोन-तीन महिन्यांत बंद पडली असती. पण दुसऱ्या महिन्यात दुधाच्या भुकटीचा डबा आला. परदेशातून आलेला, मांडीएवढा उंच. सोबत दूध वाढायला तोटीची एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, किटली. फुकटचं दूध म्हटल्यावर गावाला आपल्या पोरांच्या शिक्षणाची काळजी वाटायला लागली.

सरपंचाची आई स्वतः मला भेटायला आली. तिला सगळं गाव आजी म्हणत असे आणि सरपंच कोणीही असला तरी गाव तीच चालवत असे. दारातच उभी राहून तिनं विचार करून आणलेला तोडगा सांगितला.

‘हे पाहा बाई, भुकटी तं सरकारची आहे. तिले काही होत नाही. पाणी आमच्या बाया पाळीपाळीनं आणून टाकतीन, दूधही त्याच घोटतीन. पेला पोट्टं आपल्या घरून आणन. तुम्ही फकत वरून सोडा. शिवाशिव होऊ देऊ नोका, मंग कोनाचंच काही म्हननं नाही.’

ती मला ‘तुम्ही’ म्हणत होती. आदरात कुठं उणं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण डोक्यात वीसचा आकडा होता. मी ‘बरं’ म्हटलं. तेव्हा ‘बरं’ म्हणायची मला सवय होती आणि ‘नाही’ म्हणायची नव्हती, एवढंच त्याचं कारण. मोठं काही शोधायला जाऊ नये.

महिन्याभरात गावातली दहा-बारा आणि तांड्यावरची पाच मुलं यायला लागली. तांड्यावरच्या बायांचीही अट तीच. पट तेविसावर गेला. आणि दूध वाढायची वेळ झाली की खोलीत गोंधळ उडायला लागला. गावातली मुलं पेला जमिनीवर ठेवून मागं सरत, घरून तसंच बजावलेलं असे. आमच्या मोहल्ल्यातली मुलं पेला हातात धरून माझ्या अंगाला येऊन भिडत. एकाला वरून धार, एकाला जवळून. चार वर्षांच्या मुलांना डोळे असतात. त्यांनी विचारायला सुरुवात केली: ‘बाई, त्याचा पेला खाली काहून?’ ‘बाई, मले उचावरून काहून नाही?’

याला काय उत्तर देणार? खरं उत्तर मला माहीत होतं, पण ते माझ्या तोंडून निघेना. निघालं असतं तरी तेवढ्या मुलांना कळलं नसतं, आणि कळलं असतं तर अधिकच वाईट. मग मी डोकं लढवलं. घरून चुना आणला आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जमिनीवर एक रेघ ओढली. सगळ्यांनी आपापला पेला रेघेवर ठेवायचा, एक पाऊल मागं सरायचं, हात पाठीशी बांधायचे. गाव असो, तांडा असो, मोहल्ला असो, सगळ्यांना एकच नियम. आता कोण कोणाला टाळतंय ते दिसेना. मुलांना नियमाचं कारण लागतं, म्हणून तेही सांगून टाकलं. म्हटलं, ‘वाढताना पेल्याला बाईचा हात लागला ना, तर दूध नासतं.’

हे मी बोलले. दुसरं कोणी नाही. किटली हातात धरून, तेवीस मुलांसमोर, हसत हसत बोलले.

दोन दिवसांत खोली शांत झाली. तेवीस पेले एका ओळीत, पितळेचे, जर्मनचे, तांड्यावरच्या एकीची छोटी लोटी, आणि मागं हात बांधून तेवीस मुलं. मी कमरेत न वाकता, छातीच्या उंचीवरून बारीक धार सोडत या टोकाकडून त्या टोकाकडे जायची. एक थेंब बाहेर सांडत नसे. दर शनिवारी जमीन सारवली की सोमवारी मी रेघ नवी ओढायची. ब्लॉकच्या मुख्यसेविकाबाई तपासणीला आल्या तेव्हा दाराशीच थबकल्या. ‘तालुक्यात इतकी शिस्त मी कुठं पाहिली नाही,’ त्या म्हणाल्या आणि तसा शेराही लिहून गेल्या. खोटं कशाला सांगू, मला त्या रेघेचा अभिमान वाटायचा. गावानं माझ्या थोबाडीत मारली होती आणि मी तिची कवायत करून दाखवली होती.

त्याच सुमारास भाचीची एक गंमत सुरू झाली. घरी वहिनीनं पाणी दिलं तर ती सरळ हातात घेई. पण मी दिलं की पेला माझ्या हातून न घेता खाली ठेवायला लावी, एक पाऊल मागं सरे आणि हात पाठीशी बांधून उभी राही. वहिनी आणि माय पोट धरून हसत. ‘घरातही बालवाडी भरवते पोट्टी!’ मीही हसायची. बाबा तेवढे हसले नाहीत. त्यांनी एकदा ते पाहिलं, हातातली विडी विझवली आणि उठून बाहेर गेले. मला वाटलं, जिनातून थकून आलेत.

बाबा दारव्ह्याच्या कापसाच्या जिनात हमाल होते. पूर्वी एका हंगामात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं यंत्रात गेली होती आणि ते महिनाभर यवतमाळच्या दवाखान्यात पडून होते. तिथून ते दोन बोटं गमावून आणि एक स्वप्न घेऊन आले. वॉर्डात एक नर्सबाई होती, पांढऱ्या साडीतली. ती आपल्याच समाजाची, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. ‘बाजूच्या खाटेवर एक देशमुख होता,’ बाबा ही गोष्ट शंभरदा सांगत. ‘तापानं फणफणला होता. तिनं मानेखाली हात घातला अन् पानी पाजलं. घटाघटा पेला तो. जात इचारली नाही त्यानं. मरनाच्या भेवानं मानसाले अक्कल येते, पोरी. तू नर्स हो. तुह्या हातचं सारे पितीन.’

मला नर्स व्हायचं होतं ते यासाठी नाही. मला तेवीस नाकांपासून सुटका हवी होती. मोठ्या माणसांत काम करायचं होतं. मोठी माणसं निदान स्वतःचं नाक स्वतः पुसतात. शिवाय बालवाडीची बाई म्हणजे गावाच्या लेखी पोरं राखणारी. शाळेचे मास्तरसुद्धा माझ्याशी बोलताना ‘तुमची ती कोंडवाड्याजवळची पोरं’ म्हणत. बालवाडीला तिसरं वर्ष लागलं तेव्हा बोरी अरबच्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं मला यवतमाळच्या ट्रेनिंगचा फॉर्म आणून दिला. मी भरला. येष्टीनं यवतमाळला जाऊन मुलाखत देऊन आले. ‘लहान मुलांची सवय आहे का?’ असं एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी म्हटलं, ‘फार आहे.’ त्या हसल्या. त्यांना काय समजलं कोण जाणे.

निवडीचं पत्र आलं. पंधरा दिवसांच्या आत हजर व्हायचं, नाही तर जागा दुसरीला. बाबांनी मोहल्ल्यात गूळ वाटला. माझ्यासाठी त्यांनी दारव्ह्याहून पत्र्याची पेटी आणली आणि तिच्यावर रंगाऱ्याकडून माझं नाव घालून घेतलं. मला आनंद झाला होता. पेटी उघडून मी दोन-तीनदा नुसतीच आत पाहिली.

बालवाडी सोडायची तर नवी बाई तयार करून, आठ दिवस काम दाखवून, डबा-किटली तिच्या ताब्यात द्यायची होती. नवी बाई मिळायला वेळ लागला नाही. दूध, शेरा, तपासणी पाहून गावाला आता ती नोकरी बरी वाटायला लागली होती. आजीची नातसून, नुकतीच लग्न होऊन बाभुळगावकडून आलेली, सातवी शिकलेली. मुलगी चांगली होती. डोक्यावर पदर, पण डोळे धीट. गाणी तिला माझ्याहून चांगली येत आणि मुलंही तिला मनापासून आवडत. मी म्हटलं, आता मी सुटले.

पहिल्याच दिवशी दुधाच्या वेळी मी किटली तिच्या हातात दिली. मुलांनी रोजच्यासारखे पेले रेघेवर मांडले आणि हात बांधून मागं सरली. तिला ते काही कळेना. ती पहिल्या मुलाजवळ गेली, वाकून त्याचा पेला उचलला, दूध भरलं आणि त्याच्यापुढं धरला. ‘घे ना रे राजा.’

मुलगा आणखी एक पाऊल मागं सरला. तो तिच्याच घरचा होता, तिचा धाकटा चुलत दीर. दुसरी मुलगी तांड्यावरची. तिनं मानच हलवली. तिसरी माझी भाची. ती आता सहा वर्षांची व्हायला आली होती, बालवाडीतली सगळ्यात जुनी, त्यामुळं नव्या बाईला नियम समजावून सांगायची जबाबदारी आपली, असं तिला वाटलं असावं.

‘बाई, तुम्ही मांगं सरका,’ ती म्हणाली. ‘पेल्याले बाईचा हात लागला का दूध नासते.’

नवी बाई हसली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. बोलायच्या ओघात ती बोलून गेली, ‘माह्या हातानं नाही नासत वं.’

भाचीनं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. तिला अजिबात वाईट वाटलेलं नव्हतं. तिला फक्त नियम नीट समजून घ्यायचा होता.

‘मंग आमच्याच बाईच्या हातानं नासते?’ तिनं विचारलं.

नवी बाई लालबुंद झाली. तिनं किटली खाली ठेवली. मी ती उचलली आणि त्या दिवशीचं दूध रोजच्यासारखं वरून वाढलं, कारण दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा रेघेवर दूध सांडलं.

त्या दिवशी घरी जाताना भाची माझं बोट धरून उड्या मारत चालली होती आणि मी हिशेब करत होते. गावातल्या मुलांना शिवाशिव त्यांच्या घरानं शिकवलीच असती. त्यात माझी भर थोडी. तांड्यावरच्या मुलांचंही तसंच. पण आमच्या मोहल्ल्यातली सात मुलं? त्यांच्या आईबापांनी घरातले देव काढून टाकले होते ते याच्यासाठी, की आपल्या पोरांनी स्वतःला विटाळाचं समजू नये. आणि त्या पोरांना मी, सातवी पास, दीक्षा घेतलेल्या बापाची लेक, रोज सकाळी ओळीत उभं करून शिकवत होते की आपल्या बाईच्या हातानं दूध नासतं. गाणी त्यांना येत नव्हती, वीसपर्यंत अंक धड येत नव्हते. हे मात्र पक्कं आलं होतं. बाबा त्या दिवशी विडी विझवून बाहेर का गेले होते ते मला आता कळलं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी भाचीचा हात सोडून दिला, आणि मग आणखी लाज वाटून पुन्हा धरला.

शनिवारी जमीन सारवली. सोमवारी मी रेघ ओढली नाही.

नवी बाई मला म्हणाली, ‘बाई, तुम्ही जा ना ट्रेनिंगले. मी करतो सारं. रेघबिघ काही लागत नाही, माह्या हातून तं सारेच घेतीन.’ ती खरं बोलत होती आणि अडचण तीच होती. तिच्या हातून सगळ्यांनी घेतलं असतं, म्हणजे दूध फक्त माझ्याच हातानं नासतं हे कायमचं सिद्ध झालं असतं. मी शिकवलेलं पुसायचं तर ते माझ्याच हातानं पुसायला हवं होतं. आणि माझ्याकडं उरले होते नऊ दिवस.

दुधाचं सगळं सांगून, जायला पाय निघत नाही असं बाबांना म्हटलं तेव्हा ते पेटीला कुलूप बसवत होते. ‘गावानं पिढ्यान्‌पिढ्या शिवू देल्लं नाही,’ ते म्हणाले. ‘त्याचं तू कायले डोक्यात घेतं? तू जाय. तिकडं सारे पितीन तुह्या हातचं.’

‘बाबा, गावानं नाही शिकवलं. आपल्या पोरीले मी शिकवलं.’

त्यांनी कुलपातली किल्ली काढून पेटीवर ठेवली. मग म्हणाले, ‘तुहं तू पाह्य,’ आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. जेवायला वाढ, कंदील पूस, एवढंच. तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या दोन बोटांच्या बदल्यात मिळालेलं स्वप्न मी खुंटीला टांगून ठेवलं होतं.

त्या सोमवारी मुलांनी रेघ शोधली. सापडेना तेव्हा जिथं ती असायची तिथं अंदाजानं पेले मांडले. मी म्हटलं, पेले उचला. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. बाईचा हात लागल्यानं काही नासत नाही. ज्याला दूध हवं त्यानं पेला माझ्या हातात द्यायचा आणि माझ्या हातून घ्यायचा. कोणी हललं नाही. तीन वर्षांची शिस्त होती ती, शेरा मिळालेली. मी कोणाला रागावले नाही, कोणाच्या खाली ठेवलेल्या पेल्यात दूध घातलंही नाही. दुपारी ते सगळं दूध मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या माणसांना नेऊन दिलं. त्यांची त्या आठवड्यात चंगळ झाली.

मंगळवारी गावातली मुलं आली नाहीत. बुधवारी तांड्यावरचीही नाहीत. पाणी आणायची पाळी असलेल्या बाईला त्या दिवशी नेमकं दुसरं काम निघालं, तेव्हा पाणी मी मोहल्ल्यातून आणलं. गुरुवारी आजी आली. या खेपेस ती दारात थांबली नाही, उंबऱ्याच्या आत आली.

‘काहून वो बाई? चांगलं चाललं होतं ना सारं? चाललीच आहे तू यवतमाळले, मंग जाता जाता खाजवून खरूज कायले काढतं?’

‘तुम्ही’वरून ती ‘तू’वर आली होती. मला उलट मोकळं वाटलं. मी म्हटलं, ‘आजी, मी चालली नाही.’

इतकं स्पष्ट मी बाबांनाही सांगितलं नव्हतं. माझं मलाच तेव्हा कळलं. आजीला भांडायचं होतं, पण जाणाऱ्या माणसाशी भांडायचं ठरवून ती आली होती, आणि राहणाऱ्याशी भांडण वेगळं असतं. पट पडला असता तर बालवाडी शेजारच्या गावी गेली असती, हेही तिला ठाऊक होतं. ती पुटपुटत निघून गेली.

शुक्रवारी नातसुनेनं एक काम केलं. मला ते आजही तिचं ऋण वाटतं. सात मुलं बसलेली असताना तिनं स्वतःचा पेला माझ्या हातात दिला, मी भरलेला माझ्या हातून घेतला आणि सगळ्यांसमोर प्यायली. मग ओठ पुसून मुलांना म्हणाली, ‘घरी सांगू नोका हं.’ मुलांना ‘सांगू नका’ म्हटलं की काय होतं हे तिला अजून माहीत नव्हतं. चार दिवस तिला घराबाहेर पडू दिलं नाही. पाचव्या दिवशी ती परत आली. काय झालं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

गावातली आणि तांड्यावरची मुलं हळूहळू परतली, कारण घरी ती डोकं खात होती आणि आयांना शेतावर जायचं होतं. हातून पेला घेणारी पहिली मुलगी तांड्यावरची, लोटीवाली. तिला नियमापेक्षा भूक मोठी होती. तिनं लोटी पुढं केली, मी भरून दिली, तिनं पिऊन पुन्हा पुढं केली. तिची आई, तिची याडी, दुसऱ्या दिवशी माळावरून तणतणत आली, खिडकीतून बघत उभी राहिली आणि पोर जिवंत आहे असं बघून परत गेली. मग एकेक करत बाकीची. दोन घरांनी पोरं काढूनच घेतली, ती पुन्हा आली नाहीत. पट एकविसावर थांबला.

ट्रेनिंगची मुदत याच धामधुमीत संपली. त्या दिवशी काही विशेष घडलं नाही. पेटीत मायनं ज्वारी भरून ठेवली.

नर्स मी पुढं झाले. पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरला, पुन्हा निवड झाली, आणि या खेपेस बालवाडी नातसुनेकडं देऊन मी येष्टीत बसले. बाबा फाट्यापर्यंत पेटी घेऊन आले. नर्सचं काम मी तीस वर्षं केलं, यवतमाळला आणि मग ढाणकीकडं. ते मला आवडलं. मोठी माणसं स्वतःचं नाक स्वतः पुसतात हा माझा गैरसमज निघाला, पण ते असो. बाबांचं म्हणणं बरंचसं खरं होतं. तापात कोणी जात विचारत नाही. ताप उतरल्यावर विचारणारे भेटले.

पण ते सगळं नंतरचं. त्या वर्षी माझ्या हातून पेला घ्यायला सगळ्यात जास्त दिवस लावले ते माझ्या भाचीनं. गावातली मुलं घ्यायला लागली, आजीचा नातू घ्यायला लागला, तरी ही पेला जमिनीवर ठेवायची, हात पाठीशी बांधायची आणि दूध न पिता तशीच घरी यायची. घरीही तेच. जितकी माझ्या जवळची, तितकी पक्की शिकलेली. गावाचा मला कधी आला नसेल इतका राग त्या पोरीचा यायचा, आणि तो तिच्यावर नाही हेही कळायचं.

एके दिवशी दूध वाढून झालं, मुलं अंगणात गेली, आणि ती तशीच हात बांधून उभी राहिली. मी जमिनीवर तिच्यासमोर बसले. तिचा पेला उचलला, किटली टेकवून काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी पुढं धरला. सांगून सांगून माझं सांगणं संपलं होतं.

तिनं पाठीमागचे हात सोडले आणि पेला धरला. तोंडाला लावण्याआधी तिनं आत डोकावून पाहिलं, थोडं हलवून पाहिलं, वास घेतला. एक घोट घेतला आणि थांबली.

‘नाही नासलं, आत्या,’ ती म्हणाली, आणि बाकीचं पिऊन टाकलं.